कोंड्याचा मांडा

उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवताना आम्ही दरवर्षी एका शब्दापाशी थोडे थांबतो. तो शब्द म्हणजे 'रेशा'. आहाराच्या धड्यात पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे हे सारे पाठ करून झाले की हा रेशा येतो, आणि एक-दोन ओळींत संपतो. मराठीत त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात, जुनी माणसे चोथा म्हणतात. मुलांना विचारले तर ती आंब्याची कोय सांगतात. दातात अडकतो तो रेशा. उत्तर चुकीचे नाही. पण त्यांच्या घरात ह्याच वस्तूला आणखी एक नाव आहे : कोंडा. पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो. तो कोंबड्यांना टाकायचा, नाहीतर शेजारच्या बकरीला.

मराठीत 'कोंड्याचा मांडा करणे' असा एक वाक्प्रचार आहे. घरात काही नसताना असेल त्यातून गोड घास करून घालणाऱ्या बाईचे त्यात कौतुक आहे. कौतुकामागे गरिबी उभी आहे. मांडा हवा होता, कोंडाच होता, म्हणून कोंड्याचा मांडा केला. आज आमच्या मोहल्ल्यात उलटे झाले आहे. मांडा घरोघरी आहे, आणि डॉक्टर चिठ्ठीवर कोंडा लिहून देत आहेत.

राजूरची ओळख दोन गोष्टींची : जमिनीतला कोळसा आणि चुनखडी. एक काळा, दुसरी पांढरी. वणी तालुक्यातल्या आमच्या ह्या गावाला लोक अजून 'राजूर कॉलरी' म्हणूनच ओळखतात. खाणीच्या आणि चुनाभट्ट्यांच्या कामासाठी कुठून कुठून माणसे आली. त्यामुळे एकाच गल्लीत वऱ्हाडी, तेलुगू, हिंदी आणि आमची घरातली उर्दू एकमेकींच्या कडेवर बसलेल्या दिसतात. आमचे दादा चुनाभट्टीवर होते. 1973 साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे आमच्याकडची 'वेकोलि' आली, आणि पुढे अब्बा खाणीत लागले. दादा ते अब्बा ह्या एका पिढीच्या अंतरात घरातले ताट बदलले.

दादीच्या ताटात काय होते? ज्वारीची भाकर, पातळ तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात रानातला तरोटा, बरबटीच्या शेंगा, जवसाची चटणी. थंडीत तुरीचे सोले. गोश्त आठवड्यातून एकदा, तेही हात राखून. भात सणाला किंवा आजाऱ्याला. ज्वारी जात्यावर दळलेली, चाळणी मोठ्या भोकांची. काडीकचरा निघावा एवढेच तिचे काम. कोंडा काढून टाकण्याची चैन परवडणारी नव्हती.

ह्या ताटाचे गोडवे गाणारे लेख आम्ही वाचतो तेव्हा मनात येते, लिहिणाऱ्याने ते ताट कधी रिकामे पाहिलेले नसावे. दादीला आठ मुले झाली, त्यांतली तीन पाळण्यातच गेली. त्या ताटात रेसा म्हणा, चोथा म्हणा, तो भरपूर होता; पण दूध नव्हते, अंडे नव्हते आणि पुष्कळदा दुसरी भाकरही नव्हती. 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकर आठवली की दादी शेवटपर्यंत तोंड वाकडे करायची. म्हणून जुन्या दिवसांकडे परत चला, असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या दिवसांतली एकच वस्तू गरिबीसोबत घराबाहेर गेली, तिच्याविषयी बोलायचे आहे.

अब्बांचा पगार सुरू झाला आणि घरात पांढरे अन्न आले. आधी रोजचा भात, मग मैद्याचा पाव, चहासोबत खारी आणि टोस्ट, पाहुणा आला की पुलाव, जरा मोठा पाहुणा आला की बिर्याणी. ह्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. कोळशाने काळे होऊन घरी येणाऱ्या माणसाला ताटात पांढराशुभ्र भात पाहून आपण वर आलो असे वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले? मुलीचे स्थळ पाहताना बायका एकमेकींना सांगायच्या, "उनके घर में तो रोज चावल पकता." एवढ्यात त्या घराची सारी ऐपत कळायची. पाहुण्यापुढे भाकर ठेवणे म्हणजे त्याचा अपमान, असे ठरून गेले. भाकर मजुराची, भात साहेबाचा. आमच्या समाजात दस्तरखान हीच इज्जत असते, आणि इज्जतीचा रंग पांढरा ठरला.

मागोमाग बाजारानेही साथ दिली. आमच्या जिल्ह्यात कापूस, तूर आणि ज्वारी हे जुने सोबती. सोयाबीन आले तशी ज्वारी मागे हटली. उरलीसुरली पाखरांनी आणि रानडुकरांनी नकोशी केली. रेशन दुकानात प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी 2023 पासून ते धान्य फुकट झाले. गरिबाच्या चुलीसाठी ही मोठी गोष्ट आहे, तिला नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. पण हिशेब असा झाला की तांदूळ फुकट आणि ज्वारी विकत. जी भाकर गरिबीची खूण होती, ती आता गरिबाला महाग पडते.

आणि मग मोहल्ल्यात 'शुगर' आली. ह्या आजाराचे पुस्तकी उर्दूतले नाव 'जियाबितूस' उच्चारताना मौलवीसाहेबही अडखळतील. मराठीत मधुमेह. पण आमच्याकडे 'शुगर हो गई' एवढेच म्हणतात, आणि म्हणतानाही आवाज जरा खाली येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी देशभर केलेल्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ह्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, 2011 साली, महाराष्ट्रातले प्रमाण प्रौढांमध्ये 8.4 टक्के निघाले होते. म्हणजे हा केवळ पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतला आजार राहिलेला नाही.

शुगर भातानेच होते, असे मात्र कुणी समजू नये. आईबापांकडून येणारा वारसा, वाढलेले पोट, चालणे कमी होणे, रात्रपाळीत मोडलेली झोप, अवेळी जेवण अशी कारणे पुष्कळ आहेत. खाणीतही फावड्याची कामे यंत्रांकडे गेली, आणि पायी जाणारी माणसे फटफटीवर बसली. अन्न जास्त झाले आणि अंग कमी हलले. ताटातून रेशा जाणे हे ह्या साऱ्यातले एक कारण. पण आपल्या हातातले आहे म्हणून ते महत्त्वाचे.

आता हा रेशा पोटात करतो काय? गंमत अशी की तो स्वतः पचत नाही. लहान आतड्यात भाताची, रोटीची साखर होते आणि रक्तात जाते; रेशा तसाच पुढे सरकतो. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक पाण्यात विरघळणारा. डाळी, हरभरा, गवार, मेथीदाणा, जव, पेरू, इसबगोल यांत हा बराच असतो. पाणी मिळाले की तो फुगून बुळबुळीत होतो. भिजवलेला इसबगोल किंवा मेथीदाणा ज्याने हातात घेतला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पोटात तो असा फुगला की अन्न जठरातून सावकाश पुढे जाते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. दुसरा न विरघळणारा, गव्हा-ज्वारीच्या कोंड्यातला. तो पोट साफ ठेवतो आणि पोट भरल्याची जाणीव लवकर देतो. कोळशाच्या गावात उपमा शोधायला लांब जावे लागत नाही. पाचोळा पेटवला तर आग एकदम भडकते आणि लगेच विझते. दगडी कोळसा सावकाश पेटतो आणि बराच वेळ ऊब देतो. नुसता भात म्हणजे पाचोळा, डाळ-भाजीसकट खाल्लेली जाड रोटी म्हणजे कोळसा. शुगरच्या रुग्णाला भडका सोसत नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात अनेक वर्षे काम करीत होते. पाश्चात्त्य देशांत घरोघरी दिसणारे कित्येक आजार तिथल्या गावकऱ्यांत फारसे दिसत नाहीत, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी ह्यू ट्रॉवेल यांनी पाहिले. गावकऱ्यांच्या अन्नातला चोथा हे त्याचे एक कारण असावे, असे त्यांनी 1970 च्या दशकात मांडले. तोवर चोथा म्हणजे अन्नातला निरुपयोगी भाग असेच समजत. पुढे 2000 साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात मधुमेहाच्या 13 रुग्णांवर एक प्रयोग झाला. सहा आठवडे त्यांना रोज 24 ग्रॅम रेशा असलेले जेवण दिले आणि सहा आठवडे 50 ग्रॅम असलेले. भुकटी नाही, गोळी नाही; नेहमीच्या धान्या-भाज्या-फळांतूनच. जास्त रेश्याच्या जेवणाने दिवसभराची रक्तातली साखर सुमारे 10 टक्क्यांनी कमी राहिली. तेरा माणसे म्हणजे थोडीच. पण त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी तीच दिशा दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले, की मोठ्या माणसाच्या रोजच्या अन्नात निदान 25 ग्रॅम नैसर्गिक रेशा असावा.

पंचवीस ग्रॅम म्हणजे किती? इथे शिक्षकाची खोड आड येते; आकडा मिळाला की आम्ही फळ्याकडे वळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. त्यानुसार 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात रेशा 3 ग्रॅमपेक्षा कमी, मैद्यात तेवढाच. ज्वारीत सुमारे 10, तूरडाळीत 9, सबंध हरभऱ्यात 25 आणि मेथीदाण्यात तब्बल 47 ग्रॅम. आणि गव्हाच्या न चाळलेल्या पिठात? सुमारे 11.

हा शेवटचा आकडा नीट वाचावा. गव्हाचे जाडेभरडे पीठ ज्वारीच्या मागे नाही, उलट किंचित पुढेच आहे. आमच्याकडे शुगर झाली की लोक गहू सोडतात, महागाची ज्वारी आणतात आणि भात मात्र दोन्ही वेळ चालू ठेवतात. भांडण गहू आणि ज्वारीचे नाहीच. भांडण आहे ते सबंध धान्य आणि सोललेले धान्य यांचे. रेशनच्या गव्हाची रोटी, पीठ बारीक चाळणीने न चाळता केलेली, शुगरच्या माणसाला चालते. प्रमाणात खाल्ली पाहिजे एवढेच. गरीब घराला हे कळणे फार गरजेचे आहे, कारण ज्वारी परवडत नाही म्हणून परहेजच सोडून देणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ज्याला ज्वारी मिळते त्याने जरूर खावी. ज्याला मिळत नाही त्याने चाळणी खुंटीला टांगावी.

आता ताट मांडून पाहू. शंभर ग्रॅम पिठाच्या रोट्या किंवा भाकरी : 10 ते 11 ग्रॅम. मूठभर तूरडाळीचे घट्ट वरण : पावणेतीन. वाटीभर गवार किंवा भेंडी : सुमारे 4. एका जेवणात 17 ग्रॅमच्या आसपास झाले, आणि दोन जेवणांत आपण 25 च्या पुढे सहज गेलो. हेच ताट भाताचे करा, सोबत नुसता गोश्तचा रस्सा घ्या : गोश्तमध्ये रेशा शून्य, भातात तीनही नाही. दिवसभर पोटभर जेवूनही दहाचा आकडा गाठणे कठीण. गोश्त सोडा असे आम्ही म्हणत नाही, म्हणून कुणी ऐकणारही नाही. पण गोश्तमध्ये डाळ आणि दुधी घालून दालचा आपल्याच घरात होतो. पालक-गोश्त, मेथी-गोश्त, गवार-गोश्त आपल्याच आयांनी शिकवले. मुहर्रमचा खिचडा म्हणजे तर गहू, डाळी आणि गोश्त यांची एकत्र शिजलेली हंडी. ती वर्षातून एकदाच का चढावी? तूप बेताने घालून महिन्यातून दोनदा चढली तर नियाजीला कमीपणा येत नाही.

भाकर-कोंडा म्हटले की आमच्या काही सुशिक्षित मित्रांना ते हिंदू शेतकऱ्याचे किंवा आयुर्वेदवाल्यांचे काहीतरी वाटते. त्यांच्यासाठी एक आठवण. सहीह बुखारीत हजरत सहल बिन साद (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात पिठाच्या चाळण्या होत्या का, असे त्यांना कुणी विचारले. त्यांनी सांगितले ते असे, की प्रेषितांनी (स.) चाळणी पाहिली नाही, जव दळत, त्यावर फुंकर मारत, उडेल ते उडे आणि उरलेल्याचे पीठ मळत. जवाच्या पिठाच्या पातळ तलबीन्याचा उल्लेख हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे, तो आजाऱ्यासाठी आणि दुःखी घरासाठी असे. हदीस ही काही वैद्यकीय चिठ्ठी नव्हे, आणि तलबीना खाऊन गोळ्या बंद करा असा अर्थ कुणी काढू नये. पण न चाळलेले पीठ कमी इज्जतीचे आहे, असे म्हणणाऱ्याने ही रिवायत आधी वाचावी.

रमजानचा विषय त्यातूनच येतो. कुरआनने आजारी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे, तरी शुगरचे पुष्कळ रुग्ण रोजे ठेवतात. ठेवायचा असेल त्याने सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, गोळ्यांच्या किंवा इन्शुलिनच्या वेळा आणि मात्रा ठरवून घ्याव्यात. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडावा, असे तज्ज्ञांचे सांगणे आहे. सहरीला फेणी-दूध किंवा नुसता भात खाल्ला की सकाळी नऊलाच पोट रिकामे वाटते. त्याऐवजी जाड रोटी, घट्ट डाळ, दही किंवा दलिया घेतला तर दिवस निभावतो. इफ्तारला एखाद-दुसरा खजूर पुरे. त्यात रेशा आहे तशी साखरही पुष्कळ आहे. सरबताच्या ग्लासापेक्षा पेरूची फोड बरी, भज्यांपेक्षा उकडलेले चणे बरे. आणि इफ्तार ते सहरीच्या दरम्यान पाणी भरपूर, कारण रेश्याला पाणी मिळाले नाही तर तो पोटातच अडून बसतो.

इथवर लिहिले ते कुणीही डॉक्टर सांगेल. आम्हाला मुख्यतः लिहायचे आहे ते पुढचे.

आठवीच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना घरचे दोन दिवसांचे जेवण वहीत लिहून आणायला सांगितले. कुणी काय खाल्ले आणि कोण कधी जेवले, एवढेच. वह्या आल्या. अब्बा पाळीवरून आले, जेवले. भाऊ जेवले. आम्ही जेवलो. आणि मग बहुतेक वह्यांत शेवटच्या ओळीवर आई. एका मुलीने उर्दूत लिहिले होते, "अम्मी ने जो बचा वो खाया." तिला त्यात तक्रार करायची नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो असे लिहावे तसे तिने लिहिले होते.

आता जे उरते ते काय असते, हा विज्ञानाचा प्रश्न आहे. हंडीत शेवटी काय उरते? भात उरतो आणि रस्सा उरतो. गोश्तचे तुकडे गेलेले असतात, भाजी मुलांनी नको नको म्हणत का होईना संपवलेली असते, काकडी-कांदा पहिल्याच पंगतीत गेलेला असतो, वरणाच्या तळाशी पाणी असते. म्हणजे घरातल्या ज्या बाईने दिवसभर सर्वांसाठी रेशा चिरला, निवडला, शिजवला, तिच्याच वाट्याला बिनरेश्याचे ताट येते. वरून मुलांनी अर्धा टाकलेला पाव, कारण अन्न फेकणे गुनाह. आणि हे सारे रात्री साडेदहाला, त्यानंतर लगेच झोप.

आमच्या खालाचे उदाहरण सांगतो. खालूंना आधी शुगर निघाली. त्या दिवसापासून घर बदलले. ज्वारीचा वेगळा डबा आला, काकडी रोज चिरली जाऊ लागली. खाला फज्रच्या नमाजनंतर त्यांच्यासाठी दोन भाकरी थापू लागली. खालूंची साखर ताब्यात आली आणि सगळ्या मोहल्ल्यात खालाची तारीफ झाली. काही वर्षांनी आशाताई तिशीवरच्या सगळ्यांची तपासणी करीत दारात आल्या, तेव्हा खालाच्या बोटातल्या थेंबाने 280 दाखवले. तिने दोन महिने घरात सांगितले नाही. नंतर कारण विचारले तर म्हणाली, "मेरे वास्ते अलग कौन पकाएगा?" ज्या चुलीवर तिने नवऱ्यासाठी वेगळे रांधले, त्याच चुलीवर स्वतःसाठी दोन भाकरी टाकणे तिला लाजिरवाणे वाटत होते. भाकर थापायची ती, खायचे खालूंनी, आणि तिने पातेल्यातला भात खरवडायचा, हे चालूच राहिले. पुढे पायाला साधी चप्पल चावली आणि ती जखम भरायला चार महिने लागले, तेव्हा घर जागे झाले.

बदल केला तो तिच्या सुनेने. ती बारावी शिकलेली, बोलायला कमी. तिने अलग पकवलेच नाही. सर्वांचाच भात निम्म्यावर आणला, पीठ चाळणे बंद केले, रोज डाळ किंवा भिजवलेले चणे, आणि गोश्तमध्ये काहीतरी हिरवे. पहिले आठ दिवस मुलांनी तोंडे वाकडी केली, खालूंच्या धाकट्या भावाने घरात दुष्काळ पडला का म्हणून विचारले. सुनेने आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी. पहिली पंगत बसण्याआधी ती खालाचे ताट वाढून झाकून ठेवू लागली. भाजी, वरण, काकडी, दोन रोट्या. खाला केव्हाही जेवो, तिच्या वाट्याचा रेशा तिला मिळू लागला. पुढे काही महिन्यांनी खाला म्हणाली, ताट वाढलेलेच आहे तर थंड कशाला खाऊ? आणि ती सर्वांसोबत बसू लागली.

वर्षभरात तिची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 10 वरून साडेसातवर आली. सारे श्रेय रेश्याला देता येणार नाही. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, संध्याकाळी ती सुनेसोबत अर्धा तास चालत होती. गोळी, चालणे आणि ताट, ह्या तिन्ही पायांवर ही तिपाई उभी असते. एक पाय काढून उरलेल्या दोघांवर ती उभी राहत नाही. कारल्याच्या रसाने किंवा एखाद्या भुकटीने शुगर मुळासकट जाते असे सांगणारे दुकानदार मोहल्ल्यात फिरतात, त्यांना दारातूनच सलाम करावा. रेशा वाढवायचा तोही हळूहळू, नाहीतर पोट फुगते आणि माणूस दोन दिवसांत सोडून देतो. ज्यांच्या किडनीवर परिणाम झाला आहे त्यांनी डाळी-फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जे इन्शुलिन घेतात त्यांनी ताट बदलताना साखर वरचेवर तपासावी, ती खालीही जाऊ शकते.

आमच्या समाजात स्त्रीच्या हक्कांवर चर्चा झाली की ती तलाक, मेहर आणि वारसा यांच्यापाशी पोहोचते. त्या चर्चा व्हायलाच हव्यात. पण एक हक्क इतका लहान आहे की त्याच्यासाठी ना कायदा लागतो, ना फतवा. तो म्हणजे पातेले खरवडण्याआधी जेवण्याचा हक्क. दिवसाला पंचवीस ग्रॅम रेशा, हे ऐकायला प्रयोगशाळेतले वाटते. आमच्या घरांत त्याचा अर्थ, अम्मीने वरण संपण्याआधी दस्तरखानावर बसणे एवढाच होतो. 'कोंड्याचा मांडा' करणाऱ्या बाईचे कौतुक भाषेने पुष्कळ केले. मांडा सर्वांना वाढल्यावर तिने काय खाल्ले, हे मात्र त्या वाक्प्रचारात नाही. ते आता घराघरातल्या माणसांनी विचारायचे आहे, आणि विचारून थांबायचे नाही. हात धुवायला उठण्यापूर्वी एक ताट आधी वाढायचे आहे.